बारा घरांचे बारा ड्रम

खरवईच्या कडेला, जिथे भाताची शेतं संपतात आणि नव्या इमारतींचे सांगाडे सुरू होतात, तिथे बौद्धांची बारा घरं आहेत. त्या वस्तीत भगवंत रोकडे नावाचा गवंडी राहत होता. अंबरनाथ पूर्वेच्या कितीतरी भिंती त्याच्या हाताखालून उठल्या. वीट ठेवताना तो बोलत नसे. ओळंबा सोडला की दोरी थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचा. त्याच्या गिलाव्यावरून हात फिरवला तर तळव्याला खडा लागत नसे, आणि हे त्याला ठाऊक होतं. चालताना त्याची मान जरा ताठ असायची ती त्यामुळेच.

वस्तीचं विहार आधी पत्र्याची एक खोली होती. दोन हजार तीन सालापर्यंत तिच्या जागी विटांच्या भिंती आल्या. त्या भगवंतानेच बांधल्या. आता पुढे ओसरी काढायची होती आणि ओसरीला चार खांब. खांब गोल असावेत असा भगवंताचा हट्ट.

"गोलच कशाला?" शंकररावांनी विचारलं. शंकरराव कारखान्यातून निवृत्त झालेले, बैठकीत सगळ्यात वडील.

"दादा, चौकोनी खांबाला माणूस पाठ टेकतो. गोल खांबाला हात लावतो," भगवंत म्हणाला. खांब गोलच ठरले.

प्रश्न सिमेंटचा होता. वस्तीतलाच मुकेश बदलापूरला रेती-सिमेंटचा धंदा करत होता. तो भर बैठकीत म्हणाला, "काका, सिमेंट सगळं माझ्याकडून. फक्त एका खांबावर माझ्या आईचं नाव टाका."

पोरगं वाईट नव्हतं, मागणंही वाईट नव्हतं. शेवटी सरस्वतीआत्या बोलली. जन्मभर दुसऱ्यांच्या स्लॅबवर घमेली वाहिलेली बाई, नवरा कधीचाच गेलेला. "मुकेशा, तुझी आई माझी मैतरीण. पण तिचं नाव लागलं तर माझ्या सासूनं काय घोडं मारलं?"

लोक हसले, मुकेशही हसला, आणि ठरलं ते असं: नाव कुणाचंच नाही. घरटी एक गोणी. कोणी जास्त द्यायची नाही, कोणी कमी द्यायची नाही.

पण सगळ्यांच्या मालात एका घराची गोणी मिसळली की ती दिसते कुठे? त्यावर तोड भगवंताने काढली. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून त्याने बारा लोखंडी ड्रम आणले. बूड आणि झाकण कापलं, उभा छेद देऊन कडांना बोल्ट लावले. गोल खांबाचा साचा तयार. एकावर एक तीन ड्रम उंचीचा एक खांब. चार खांब म्हणजे बारा ड्रम. घरं बारा.

"एक घर, एक ड्रम," तो म्हणाला. "ड्रमच्या पोटावर वळ्या असतात. त्यांच्या खुणा सिमेंटवर उमटतील. आपापला भाग ज्याला त्याला दाखवता येईल."

एका गोणीत एक ड्रम भरतो की नाही, हे त्याने सगळ्यांसमोर करून दाखवलं. एका गोणीला लागेल तेवढी खडी घमेल्याने मोजून ड्रममध्ये टाकली, वर तेवढ्या हिशेबाची रेती, आणि सिमेंटच्या जागी सिमेंटाइतकीच आणखी रेती. ड्रम अगदी काठाला आला. फळीने वरचं सपाट करताना भगवंताच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्याच्या घरच्यांनीही फार वेळा पाहिलं नव्हतं. बायांनी टाळ्या वाजवल्या. बारा आणि बारा इतके सुरेख जुळले होते, की त्याच्या मनात दुसरा विचार आला असेल तरी तो तिथेच विरला.

मग चिठ्ठ्या टाकल्या. सरस्वतीआत्याला पहिल्या खांबाचा वरचा ड्रम आला. "वरचा! बरं झालं," ती म्हणाली. "आता वाकायचा जीव नाही ऱ्हायला. उभ्यानं बघीन."

सव्वीस जानेवारीला कारखाने बंद, माणसं घरी. ज्याने त्याने आपली गोणी विहारापुढे आणून ठेवली आणि तिच्याशेजारी बसला, जशी काही ती उठून जाणार होती. रेती-खडी भिंतींच्या कामातली उरलेली, भरपूर. सळयांचे सांगाडे चारही खड्ड्यांत उभे. पहिला ड्रम आतून तेलाने पुसून बसवला आणि पहिली गोणी फुटली.

भगवंताला पहिल्याच ड्रमला कळलं.

पत्र्यावर कालवलेला माल घमेल्यांनी आत गेला, त्याने सळईने कोचला, बाहेरून हातोडीने ठोकला. पत्रा रिकामा झाला आणि ड्रम तिसऱ्या हिश्श्याने रिता होता. "बसतंय," तो कुणाकडे न बघता म्हणाला. दुसरी गोणी फुटली. तिच्यातून पहिला ड्रम भरला आणि दुसरा जेमतेम पाव भरला. थांबता येत नव्हतं. खांब अर्धा वाळू दिला तर तिथे सांधा राहतो. त्याने तिसरी गोणी फोडायला सांगितली. ती सरस्वतीआत्याची. तिने स्वतः पहिलं घमेलं उचललं, सवयीने.

तिचा माल संपला तेव्हा दुसरा ड्रमही काठाला आला नव्हता. तिसरा ड्रम बाजूला पडला होता, तेल लावून पुसलेला, कोरा.

"भगवंता," आत्या म्हणाली, "माझी गोणी कुठं गेली?"

"मधल्या ड्रमात गेली, आत्या."

"तो तर चिठ्ठीत सखूच्या घराला आला. माझा कुठाय?"

खांबाभोवती बांधलेल्या बांबूच्या पहाडावर उभा असलेला भगवंत खाली उतरला. उतरताना त्याने बांबू असा धरला होता, की जणू त्याला खाली बघायचं नव्हतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मी कोरडं मोजलं. पाणी लागलं की रेती खडीच्या पोटात शिरते, सिमेंट रेतीच्या पोटात. तिसरा हिस्सा खाली बसतो. गवंड्याला हे ठाऊक असतं. मलाही होतं. बाराला बारा जुळले आणि मी पुढं बघितलंच नाही."

"मग एकूण लागतात किती?" शंकररावांनी विचारलं.

"एकोणीस."

"एकोणीस बारा घरांत सारख्या कशा वाटायच्या?"

"नाही वाटता येत, दादा."

मुकेश पुढे आला. "काका, माल सुकतोय. टेम्पो रस्त्यावरच उभाय. कमी पडतील त्या मी आणतो. आईचं नाव नको, काही नको."

तो मनापासून बोलत होता. भगवंताने मान डोलावली असती तर चार खांब झाले असते आणि त्याचा शब्द निम्मा तरी राहिला असता. पण प्रत्येक घराचा वाटा सारखा, हा शब्दही त्याचाच होता. तो सरस्वतीआत्याकडे बघत राहिला. ती त्या कोऱ्या ड्रमकडे बघत होती.

"नको रे, मुकेशा," तो म्हणाला. "दोनच खांब उभे करू. सगळ्यांच्या गोण्या त्या दोघांत जातील, उरेल त्याची पायरी करू. कुणाचा ड्रम कुठला, ते राहणार नाही."

"आणि ओसरी?" शंकररावांचा आवाज चढला.

"अर्धी होईल."

"लोक काय म्हणतील? गवंड्याच्या वस्तीत अर्धी ओसरी!"

"म्हणतील, भगवंताला मोजता आलं नाही."

हे बोलून तो आपल्या गोणीकडे गेला. चिठ्ठीत त्याला चौथा खांब आला होता. थापीच्या टोकाने त्याने गोणी चिरली आणि पत्र्यावर ओतली. मग शंकरराव उठले, स्वतःशी काहीतरी पुटपुटत त्यांनी आपली गोणी ओढत आणली आणि म्हणाले, "फोड ही पण. बघतोस काय? सुकंल सगळं."

फावडी चालली, घमेली हातोहात वर गेली. सूर्य कलेपर्यंत दोन खांब काठोकाठ भरले. उरलेल्या अडीच गोण्यांची विहाराला पायरी केली. बाकीच्या दोन खड्ड्यांतल्या सळया भगवंताने स्वतः कापल्या, जमिनीसपाट, आणि वर माती ओढली. ते काम त्याने कुणाला करू दिलं नाही.

ड्रम सोडल्यावर खांबांवर वळ्यांच्या खुणा अगदी स्वच्छ उमटलेल्या दिसल्या. बघायला आलेल्यांना भगवंत दिसला नाही.

ओल्या खांबाला पाणी लागतं, नाहीतर त्याला भेगा जातात. भगवंताने दोन्ही खांबांना गोणपाट गुंडाळलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ हापशावरून बादल्या आणून तो एकटाच ते भिजवू लागला. बैठकीला येईना. समोरून माणूस आलं तर वाट बदलायचा. मान खाली गेली होती. ती वर करायची त्याची इच्छाही दिसत नव्हती. बायको यशोधरा म्हणाली, "अहो, पाणी घालायला वस्ती आहे." तो म्हणाला, "चूक माझी आहे."

एका सकाळी तो बादली घेऊन आला, तर सरस्वतीआत्या पहिल्या खांबापाशी उभी. तिने त्याच्या हातातली बादली धरली. त्याने सोडली नाही.

"सोड," ती म्हणाली. "तुझ्या एकट्याचा खांब आहे का हा?"

त्याने हात काढला. आत्याने तांब्याने पाणी वर फेकलं. ते वरच्या ड्रमच्या उंचीपर्यंतही पोचलं नाही, अर्धं तिच्याच अंगावर आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि दुसरा तांब्या भरला. मग भगवंत घरात गेला, स्टूल घेऊन आला, आणि ती चढेपर्यंत दोन्ही हातांनी ते धरून उभा राहिला.