पुसलेलं साल

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनजवळच्या एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात चारशे वर्षांपूर्वीच्या दगडी कबरी आहेत. कॉम्प्युटर-चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीत इंजिनियर असलेला विश्वास दर शनिवारी सायकल हाणत तिथे जायचा, शेवाळ काढायचा, झिजलेली अक्षरं लावायचा. तीन वर्षांत त्याने अकरा नावं वाचली. आवाराची देखभाल करणारे म्हातारे योप पाहुण्यांना सांगायचे, "हा आमचा दगड वाचणारा." तेवढ्या एका वाक्यावर विश्वासचा आठवडा निघायचा.

मग लायडनहून नीलांबरी आली. जुन्या दगडांचं जतन हाच तिचा अभ्यास. पर्समधला आरसा काढून तिने दगडावर उन्हाचा तिरपा कवडसा पाडला आणि त्याला कधीच न लागलेलं नाव पाच मिनिटांत वाचून दाखवलं. योपनी टाळ्या वाजवल्या. विश्वासनेही वाजवल्या, पण पोटात निखारा पडला.

"खालचं साल राहिलंय. पुढच्या शनिवारी बघू. तुम्हीपण या हं, विश्वासदादा!" ती म्हणाली.

घरी आल्यावर तो बायकोपुढे उखडला. "मलाच आमंत्रण देते! जागा कुणाची?"

"मेलेल्यांची," मीनल म्हणाली.

शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून तो एकटाच तिथे गेला. तारेचा ब्रश लावायचा नाही, हे योपनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याने तोच लावला. चार आकडे हवे होते, तिच्या आधी. दोनतीनदा घासलं आणि दगडाचा पापुद्रा सुटून तळहातावर आला. शेवटचे दोन आकडे त्याच्याबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी नीलांबरी त्या ताज्या ओरखड्यासमोर गुडघे टेकून बसली. गेल्या शनिवारी तिने काढलेल्या फोटोंत तो कोपरा आलाच नव्हता.

"गावातली पोरं असतील," योप म्हणाले.

पळवाट आयती समोर होती. "मी केलं," विश्वास आधी मराठीत, मग मोडक्या डचमध्ये म्हणाला. "हिच्या आधी वाचायचं होतं मला."

योप म्हणाले, "यापुढे तू फक्त गवत काप."

नीलांबरीने नोंदीत लिहिलं : शेवटचे दोन आकडे घासताना गेले. विश्वासने तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि पुढे आपलं नाव लिहिलं.

आता तो गवत कापतो. पाहुणे आले की योप नीलांबरीकडे बोट दाखवतात आणि विश्वासच्या पोटात अजूनही जळतं. मीनलपाशी तो ते लपवत नाही. शनिवार मात्र त्याने एकही चुकवलेला नाही.