आगळातली चेन

परवा कोकमाच्या आगळाची बाटली उघडली आणि त्या आंबट-खारट वासासरशी मी साठ वर्षं मागे, कट्टा गावातल्या आमच्या पडवीत जाऊन पोचले.

मी नवी मास्तरीण होते. शाळा चार मैलांवर, दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार, आणि सायकलची चेन पावसाने गंजून काठीसारखी ताठ झालेली. सायकलवाला म्हणाला, "बाईनू, ही चेन गेली. नवी येवक आठ दिस लागतले."

रडवेली होऊन घरी आले. सासूबाई आगळाने समई घाशीत होत्या. "भांड्याक चलता, मग चेनीक कित्याक नाय?" म्हणत त्यांनी चेन आगळात बुडवली. सकाळी ती नारळाच्या सोडणाने घासली, कढत पाण्याने धुतली, चुलीपाशी वाळवली. मी शिलाई मशीनचं तेल सोडलं. एकेक कडी सुटत गेली!

घंटा वाजवत मी दुकानावरून गेले. "नवी चेन खंय गावली?" सायकलवाला ओरडला.

"आमच्या आगळात!"

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आज दिसतात आगळाने लाल झालेल्या हातांनी, मी वळणाआड जाईपर्यंत दारात उभ्या राहिलेल्या सासूबाई. त्या स्वतः जन्मात कधी सायकलवर बसल्या नाहीत. पण आठवड्याभरात सायकलवाल्याच्या फळीवर, तेलाच्या डब्याशेजारी, आगळाची बाटली येऊन बसली.