काळीचं जेवण

मार्गशीर्ष अमावास्या. खिशात रुपये दहा. हजर माणसं चार: मी, माझी बायको, आमच्या कचेरीतले वयस्कर शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, आणि मामी. लातूर जिल्हा नवा झाला होता. भोकरहून बदलून येऊन मला सात महिने झाले होते आणि त्यात माझ्या डायरीत पावसाचे दिवस अकरा.

श्रावणात, सहाव्या महिन्यात, आमचं मूल पोटातच गेलं. तेव्हापासून बायको अर्ध्या भाकरीवर आली होती.

वेळा अमावास्येला लातुरातली माणसं शेतात जेवायला जातात, हे मला ठाऊक नव्हतं. साडेदहाला मी कचेरीच्या कुलपापुढं उभा. मामा शोधत आले आणि हसले. "सायेब, आज लातुरात कुत्रंबी घरी न्हाई. वैनीला घ्या, चला."

एस.टी.नं त्यांच्या शेतावर गेलो. ज्वारी गुडघ्याएवढी, तीही पिवळी. तरी मामांनी कडब्याची खोप उभारून पाच दगडांना चुना लावला होता. पूजा झाल्यावर ते तांब्यातली आंबील लिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडू लागले.

"दोन एकराला एक तांब्या?" मी विचारलं.

"पाणी न्हाई देत सायेब, जेऊ घालतुय. काळी आई पोटुशी असती या दिवसांत."

"तुमी मोजत बसा," मामी म्हणाल्या, "भज्जी निवून चालली."

बायको त्या काळ्या, भेगाळलेल्या जमिनीकडं बघत होती. हळूच म्हणाली, "पण यंदा तिच्या पोटी काहीच आलं नाही."

मामींना आमचं माहीत होतं का, मला आजही सांगता येत नाही. वाढता वाढता त्या बोलल्या, "न्हाई आलं म्हून तिला उपाशी ठेवायचं का गं माय? बस, जेव."

ती बसली. बाजरीचे दोन उंडे, दोन वाट्या डाळी-पालेभाज्यांची भज्जी. मग स्वतःहून आंबील मागितली. जेवून खोपीच्या सावलीत आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. पदर माझ्या गुडघ्याखाली अडकला होता, म्हणून मी हललो नाही. ज्वारीची पानं तेवढी वाजत होती. श्रावणापासून आमच्या घरात महिना पुढं सरकला नव्हता. तिथं बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की थंडी पडली आहे.

चार वाजता मामांनी बांधावरून हाक दिली, "सायेब, येष्टी आली!" मी हातानंच नको म्हणालो. गाडी धुरळा उडवत गेली.

ती साडेपाचला उठली. रस्त्यावर भेटलेल्या जीपवाल्यानं एस.टी.च्या दुप्पट मागितले. दोघांचे सहा रुपये मी त्याला घासाघीस न करता दिले.