घुंगरं वाजतायत तोवर

कापूरहोळच्या फाट्यावर मी रोज भोरच्या एसटीची वाट बघते. तिथंच रस्त्याचं काम चाललंय आणि एक बाई घमेल्यातनं खडी वाहते. तिचं वर्षाचं पोर वाळूच्या ढिगावर खेळत असतं. दहा पावलांवर हायवे! ट्रक गेला की मी दचकून पोराकडं बघते, पण ती साधी मान वळवून बघत नाही. मला वाटायचं, काय बेफिकीर बाई आहे!

परवा फाट्यावरच असताना जर्मनीहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिची मुलगी वेगळ्या खोलीत झोपते, वर कॅमेरा, जरा कुरकुरली तरी ताईचा मोबाईल वाजतो. मला काय सुचलं कोण जाणे, ताईला दाखवायला मी ढिगाशी बसून ते पोर पटकन मांडीवर घेतलं, पाय घट्ट धरले.

मागं घमेलं आपटलं. बाई धावत सुटली, पण आमच्याकडं नाही, थेट हायवेकडं! गाड्यांच्या चाकांखाली बघायला लागली.

"अहो, हितंय, हितं!" मी ओरडले.

तिनं येऊन पोराला माझ्या मांडीवरनं ओढून घेतलं. "उचलू नगा ओ त्याला. पायातली घुंगरं वाजत्यात तवर म्या काम करती. वाजायची थांबली, की..."

तिनं पोराला परत ढिगावर सोडलं. घुंगरं वाजायला लागली तशी तिनं घमेलं उचललं.

आता मीही रोज ती घुंगरं ऐकत उभी राहते. आज एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला आणि दुसरं काहीच ऐकू येईना. आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली.