भोपळ्याचं यान आणि आमच्या वन्सं

फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत ऋतूच्या क्लासच्या दारात स्कूटर लावून उभी होते. तिकडून आमचे हे एवढंच म्हणाले, "आक्का गेली." मागे दवाखान्यातल्या लिफ्टचा आवाज येत होता. मी "बरं" म्हटलं. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतं... मी "बरं" म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला. पोरं हसत-खिदळत बाहेर पडत होती. त्यांच्यातून ऋतू आली आणि काही न विचारता मागे बसली. घरी पोचल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण पहिल्याच वळणावर माझ्या पोरीनं माझ्या पाठीला डोकं टेकवलं आणि म्हणाली, "आई, हळू चालव. आता घाई न्हाय आपल्याला."

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, विजया. मी त्यांना वन्सं म्हणायचे. माहेर-सासर असा फरक त्यांच्या वाट्याला आलाच नाही. लग्न केलं नाही, मुरगूडहून शिकायला कोल्हापूरला आल्या आणि इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत फिजिक्स शिकवत राहिल्या. मी कुरुंदवाडहून लग्न होऊन आले तेव्हा आईनं कानात सांगून पाठवलं होतं, घरात बिनलग्नाची नणंद आहे, जपून राहा. पहिल्याच संध्याकाळी बायकांनी मला नाव घ्यायला धरलं. मला काही केल्या आठवेना, घाम फुटला. तेवढ्यात पलीकडून एक दणदणीत आवाज आला, "सोडा की तिला! सकाळपासनं उभी हाय ती." नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "हे बघ रेखे, मला स्वैपाक येत न्हाय आणि शिकायचा पण न्हाय. तुला फिजिक्स येत न्हाय. मिटलं आपलं." खरंच मिटलं. पुढे आमच्यात भांडणं झाली ती फक्त त्यांच्या मोठ्या आवाजावरून.

ऋतू लहानपणी जेवायला फार छळायची. तिला भरवायचं काम वन्संनी घेतलं होतं. गोष्ट ठरलेली, भोपळ्यातल्या म्हातारीची. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत भेटलेला वाघ, "लेकीकडं जातो, चांगली जाडजूड होऊन येतो, मग खा" असा त्याला दिलेला शब्द, आणि येताना भोपळ्यात बसून दिलेली हुलकावणी. एकदा घास गालात ठेवून ऋतूनं विचारलं, "आत्या, भोपळ्यात हवा कुठनं येते?" वन्संचा हात थांबला. "व्हय की गं! गुदमरून मरंल की म्हातारी." दुसरं कुणी असतं तर पोरीला गप कर म्हणालं असतं. यांनी ताटातल्या भाताचा भोपळा केला आणि बोटानं त्याला भोकं पाडायला सुरुवात केली. त्या दिवसापासून त्या भोपळ्याची दुरुस्ती सुरू झाली ती कित्येक वर्षं चालली. सालीच्या आत हवा शुद्ध करणारं शेवाळ आलं, थंडी सोसणारी भिंत आली, दिशा बदलायला नळ्या आल्या. हळूहळू जंगल मागे पडलं. ऋतू सातवीत गेली तेव्हा आमची म्हातारी मंगळाच्याही पलीकडे पोचली होती, आणि वाघाचं झालं होतं एक अवाढव्य यंत्र. वाटेनं जाणारं प्रत्येक यान पकडून, मोडून त्यातलं लोखंड गिळणारं.

"आत्या, लिही की हे," असा ऋतूनं हट्टच धरला आणि वन्सं लिहायला बसल्या. पुण्याच्या एका प्रकाशकांना कल्पना आवडली, फक्त त्यांचं म्हणणं पडलं की पुस्तक किशोरांसाठी आहे तर नायिकाही त्याच वयाची हवी. वन्सं भडकल्या. "म्हातारी झाली की गोष्टीतनं पण हाकलतात बघ!" पण दोन-चार दिवसांनी त्यांनीच सोळा वर्षांची म्हाळसा शोधून काढली. म्हाळू. मंगळावरच्या घरातून, गुरूच्या एका चंद्राजवळच्या स्थानकावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे एकटीनं निघालेली, तोंडानं फटकळ, थेट मुरगूडची वाटावी अशी. टायपिंगचा त्यांना कंटाळा, म्हणून फोनला तोंडी सांगायच्या. त्यांचं बोलणं काही फोनला झेपत नसे. एकदा सगळ्या प्रकरणभर वाघाच्या जागी 'बाग' उमटलं होतं. म्हाळूच्या वाटेत बाग आडवी आली आणि बागेनं डरकाळी फोडली... ऋतू आणि वन्सं जिन्यात बसून पोट धरून हसत होत्या.

वन्संच्या त्याच पोटात गाठ निघाली तेव्हा पुस्तक निम्मं झालं होतं. ऑपरेशन झालं, केमो झाली. केस गेले त्या दिवशी आरशात बघून ऋतूला म्हणाल्या, "भोपळाच झालाय बघ माझा." ऋतू हसली. मी आत निघून गेले. पण त्यातून त्या उठल्या. पुन्हा कॉलेजला जायला लागल्या, पुन्हा गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागल्या. जेवताना ताट पुढे करायच्या, "वाढ अजून तूप. जाडजूड होऊन येतो म्हणून सांगितलंय त्याला." कुणाला, हे मी कधी विचारलं नाही.

थंडी सुरू झाली आणि दुखणं उलटलं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. ऋतूची दहावी होती, म्हणून परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. एका दुपारी मी धीर करून म्हटलं, "वन्सं, म्हाळूला घरी पोचवा हां. पोरगी त्यावर जीव लावून बसलीय."

"पोचवीन की," त्या म्हणाल्या. "पण वाटेत वाघ हाय हे तिच्यापासनं लपवू नका. पोरगी शाणी हाय. मी सांगतो."

त्या रविवारी सकाळी त्यांनी ऋतूला गच्चीवर नेलं. काय बोलल्या मला माहीत नाही. मी खाली मेथी निवडत बसले होते. मेथी संपली तरी बसून होते. ऋतू खाली आली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पुढे कितीतरी दिवस ती आत्याशी धड बोलली नाही. परीक्षा मात्र दिली, चांगली दिली.

उन्हाळ्यात दवाखाना आणि घर अशा खेपा सुरू झाल्या. सगळा वर्ग भरून टाकणारा वन्संचा आवाज इतका खोल गेला की फोनला तो ऐकूच येईना. मग ऋतू पलंगाशेजारी बसून लिहून घेऊ लागली. मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हाची गोष्ट. ऋतू म्हणाली, "आत्या, वाघाला एकदा फसवता येतं. परत येताना तो कसा फसंल? खोटं लिहायचं न्हाय, तूच शिकवलंयस. म्हाळूनं भोपळ्याच्या बिया तेवढ्या घरी पाठवाव्यात. ती नको परत यायला."

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. आमच्या घरात तोंडावर खरं बोलायचं काम वन्संचं होतं. त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "घरी आण तिला. कसं आणायचं ते तू बघ, काय पण कर, पण आण. मला अजून ऱ्हायचंय गं ऋतू..."

ऋतूनं वही बाजूला ठेवली आणि त्यांच्या कुशीत शिरली. मी बाहेर गेले नाही. कपडे तसेच टाकून मीही पलंगावर जाऊन बसले.

पुढचे काही दिवस पोरगी पुस्तकं काढून इंधनाची, वेगाची गणितं मांडत होती. म्हाळूनं वाघाला फसवलं नाही. तिनं आपलं निम्मं यान मोडून लोखंड त्याच्यापुढे टाकलं आणि उरलेल्या फुटक्या भोपळ्यातून ती सुटली. ऋतूनं शेवट वाचून दाखवला. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. मंगळावर उतरण्याची वेळ आली तसं त्यांनी बोट वर केलं. "वेग कमी कर. एवढ्या जोरात आली तर जळंल." ऋतूनं वेग कमी केला. म्हाळू उतरली. आई दारात उभी होती.

वन्संना घरी सोडायचा दिवस ठरला होता. वरची खोली मी झाडून-पुसून ठेवली, नवी चादर घातली. त्याच्या आदल्या दिवशी तो फोन आला... संध्याकाळी गाडी दारात आली तेव्हा ऋतूनं पुढे होऊन फाटकाची दोन्ही कवाडं सताड उघडली. गल्लीत त्यांचे विद्यार्थी उभे होते, काहींचे केस पिकलेले. कुणी मोठ्यानं रडलं नाही. पुस्तक प्रकाशकांकडे आहे, येईल. आल्यावर आमच्या घरात ते मोठ्यानं कोण वाचणार, हे अजून आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही.

वन्सं कॉलेजमधून आल्या की फाटकातूनच हाक द्यायच्या, "आलो गं!" मी तव्यावरून नजर न काढता म्हणायचे, "या." एवढंच. गेल्या आठवड्यात तीच वेळ होती, मी कणीक मळत होते. फाटक वाजलं आणि त्याच आवाजात, तसंच शेवटी ओढून कुणीतरी म्हणालं, "आलो गं!"

"या," मी म्हटलं.

मग माझे हात थांबले. दारात पाठीला सॅक लावून ऋतू उभी होती. ऋतूला मी कधी 'या' म्हणत नाही. तिलाही ते कळलं. तिनं चपला काढल्या आणि आत आली.