याडीचा दात

"टीव्ही पाहिजे बाईसाहेबांना!"

सर असं म्हणाले आणि ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे हसले. सर्जन हसले, सिस्टर हसल्या. टेबलावर झोपलेली म्हातारी तेवढी हसली नाही. ती अजून शुद्धीत होती. तिनं पदर ओढायला हात नेला, पण अंगावर हिरव्या चादरीशिवाय काही नव्हतं.

"कोट्यातून आत यायचं आणि आत आलं की कॅमेरा मागायचा. हातात काही असावं लागतं, बाई. तांड्यावर लाईट तरी आली का अजून?"

पुन्हा हसणं.

कॅमेरा मी मागितला होता. माझे कान तापले. मान आपोआप खाली गेली. मी भूल देण्याचं शिक्षण घेत होते, सरांच्या हाताखाली, माझ्याच हिंगोली जिल्ह्यात. एमबीबीएस झालेली बाई. आणि उभी अशी, जणू कुणाच्या घरात चोरून शिरलेय.

सर ज्याला टीव्ही म्हणत होते ते काय, ते सांगते. मोठ्या ऑपरेशनला पूर्ण भूल दिली की माणसाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालावी लागते. जुन्या पद्धतीत जीभ लोखंडी पात्यानं उचलायची, वाकायचं आणि स्वतःच्या डोळ्यानं घशात बघायचं. जे दिसतं ते वाकलेल्या माणसालाच. बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर जायचं. माझ्या शब्दावर तिथं कुणी जात नव्हतं.

नव्या यंत्रात पात्याच्या टोकाला कॅमेरा असतो. घसा बाहेर पडद्यावर दिसतो, साऱ्या खोलीला. सोप्या गळ्यात दोन्हींत फार फरक पडत नाही. अवघड गळ्यात कॅमेरा वाचवतो. तोही काही जादू नाही. दिसलं तरी नळी वळणावर अडते, थुंकी नाहीतर रक्त लागलं की पडदा आंधळा. हे सगळं मी सरांकडूनच शिकले, खोटं कशाला बोलू. पण ते यंत्र कपाटात आणि कपाटाची चावी सरांच्या खिशात. त्यांच्या मर्जीतल्या दोघांसाठी ते कपाट उघडायचं. माझ्यासाठी नाही.

म्हातारी गोरेगावच्या पलीकडच्या तांड्यावरची. पित्ताशयात खडे. आदल्या दिवशी मी वॉर्डात तिचं तोंड तपासलं होतं. हनुवटी आत, मान ताठ, वरचा पुढचा दात हलता. असा गळा अवघड जातो.

"पोरी, तू कोन्या तांड्याची?" तिनं विचारलं होतं.

चेहऱ्यावरून ओळखलं असेल. मी आधी मागं बघितलं, कुणी ऐकतंय का. मग हळूच तांड्याचं नाव सांगितलं, मराठीत. आमची बोली मी त्या इमारतीत कधी काढली नव्हती. आमच्यात आईला याडी म्हणतात, आईच्या वयाच्या बाईलाही. तो शब्द जिभेवर आला. मी गिळला.

"आजी, हा दात हलतोय."

"जपून, माय. भाकर तोडायला हाच एक कामाचा हाय."

"जपते," मी म्हणाले.

तर, भूल चढली. मी साधं पातं घेऊन वाकले. श्वासनलिकेच्या तोंडाची फक्त मागची कड दिसली.

"सर, नीट दिसत नाही. जोर लावला तर दात जाईल. कॅमेरा द्या."

"दिसत नाही म्हणजे तुला बघता येत नाही. सरक."

सरांनी मला कोपरानं बाजूला ढकललं. पातं घेतलं, वाकले, उचललं. दिसेना. पुन्हा उचललं, या वेळी वरच्या दातांवर टेकवून. कट्ट आवाज झाला. नळी गेलीच नाही. ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा सूर खाली उतरायला लागला. मी झटकन मास्क लावला आणि फुगा दाबत तिला श्वास देत राहिले. आता कुणी हसत नव्हतं.

सरांनी खिशातली चावी सिस्टरकडे फेकली. यंत्र आलं.

"पडदा माझ्याकडे फिरव," सर म्हणाले. पडद्याची पाठ आमच्याकडे झाली. नळी गेली. आत काय दिसलं ते सरांनाच ठाऊक. मी चिमट्यानं दात बाहेर काढला आणि गॉजमध्ये गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात राउंड. म्हातारीचा ओठ सुजलेला. सर खाटेशी थांबले.

"आजी, ही अजून शिकतेय. हिच्या हातून दात पडला. माफी माग गं त्यांची."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं.

"तू तर जपते म्हनली व्हतीस. मग काहून पाडलास, माय?"

अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. माझी परीक्षा सरांच्या हातात होती. माझे हात वर आलेसुद्धा, जोडायला. तेवढ्यात दिसलं, ती बोलताना पदर तोंडावर धरत होती. दाताची खिंड सरांना दिसू नये म्हणून. मी तांडा लपवत होते, ती खिंड लपवत होती. सर मात्र खिशात हात घालून निवांत उभे. लाज त्यांना वाटायला हवी होती आणि वाटून घेत होतो आम्ही दोघी. मला माझीच चीड आली.

"याडी," मी म्हणाले. मोठ्यानं.

सगळं तिला आमच्या बोलीत सांगितलं. मग मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून. "दात मी पाडला नाही. सरांनी पाडला. मी कॅमेरा मागितला होता, तो कपाटात होता."

म्हातारीनं पदर खाली घेतला. "व्हय. मी ऐकलं की. तेव्हाच हसून राहिले व्हते सारे. मला वाटलं, मलाच हसतेत."

"तुझी परीक्षा माझ्याकडे आहे, विसरू नकोस," सर म्हणाले.

"विसरले नाही, सर."

सरही विसरले नाहीत. त्या खेपेला मला परीक्षेला बसता आलं नाही. म्हातारी भाकर वरणात भिजवून खाते. तिचा दात काही परत आला नाही, आणि टीव्ही शब्द ऐकला की माझे कान अजून तापतात.

आता मी दुसऱ्या रुग्णालयात भूल देते. माझ्या टेबलापाशी पडदा खोलीकडे तोंड करून असतो. मला दिसलं नाही तर दिसलं नाही, हे सगळ्यांना दिसू दे. माझ्या हातून दात पडला तर मी स्वतः खाटेशी जाऊन सांगीन, हात जोडीन. दुसऱ्यानं पाडलेल्या दातासाठी जोडणार नाही. कुणाच्याही सांगण्यावरून नाही.