साडूंनी नेमून दिलेली चाल

माझ्या थोरल्या साडूंविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहायला बसलो तर शेवटी एक गोष्ट सांगावीच लागली असती. आता ते नाहीत, मीही थकलो आहे, म्हणून सांगून टाकतो. दुसऱ्याच्या छातीतल्या दमाची इतकी काळजी वाहणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात झाला नसेल.

शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले आणि सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारी निम्मी मंगळवार पेठ त्यांनी आपल्या वर्गात घेतली. नवख्या माणसाला ते घड्याळ बघू देत नसत. शेजारून चालत काल जेवायला काय होतं एवढंच विचारायचे. उत्तर सलग आलं तर चाल बरोबर, ‘भा... त’ असं तुटून आलं तर हळू. आमच्यातले एक जैन व्यापारी गुळाच्या बाजाराची सारी हकीकत न थांबता सांगू लागले, तेव्हा साडू ओरडले, “अवो शेठजी, एवढं बोलाय येतंय म्हंजे तुम्ही फिरायला न्हाय, बसायला आलाय! उचला की पाय!” जरा मुरलेल्यांना ते नाडी मोजायला शिकवत आणि वय नि बसल्या जागची नाडी बघून ती चालताना कुठवर चढवायची ते नेमून देत. तरण्या पोरांना मात्र थोडं पळा, थोडं चाला. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की लग्नात नवरदेवाचा हात हातात घेतला तरी बोटं मनगटाकडे सरकायची. एकदा स्टेजवरच म्हणाले, “नाडी लई पळतीया. जरा टेका खुर्चीला.” नवरी हसली, व्याही मात्र रुसले.

मी बोलत चालणाऱ्यांच्या गटात होतो आणि त्याची मला लाज वाटे. साखर कारखान्यात अधिकारी राहिलेला माणूस, आणि रोज आमटी-भाताचा हिशेब देत चालायचं! मला नाडीवाल्यांत घ्या, असा मी हट्ट धरला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पावणं, गोळी कुठली चालू हाय?”

रक्तदाबाची गोळी मी स्कूटरच्या डिकीत ठेवून गुपचूप घेत होतो. बायकोलाही ठाऊक नव्हतं. “छे! अजून एक न्हाय,” मी म्हणालो.

त्यांनी मला नाडीचा आकडा दिला. तो काही केल्या गाठता येईना. आपण कमी पडतो असं वाटून मी रोज वेग वाढवत गेलो. एका रविवारी आम्ही सगळे पन्हाळा चढत होतो. नाडी अजून खालीच, म्हणून मी चढावर जवळजवळ पळत सुटलो आणि वळणावर कोसळलो. दवाखान्यात डॉक्टरांनी औषधं विचारली, तेव्हा मात्र खरं सांगितलं, फक्त बायकोला कळू देऊ नका म्हणालो. ते म्हणाले, “या गोळीनं नाडी फारशी चढतच नाही. आकड्याच्या मागं लागलात तर जीव दमणारच. तुम्ही बोलता येईल इतपतच चालायचं.” म्हणजे साडूंनी पहिल्या दिवशी दिलं होतं तेच.

बाहेर माझी बायको त्यांच्यावर तुटून पडली होती. “दाजी, माणूस मारायला निघालता की तुम्ही! कुणी सांगितलीत ही थेरं?”

“चुकलं माझं,” साडू म्हणाले. “आकडा जास्त दिला मी.”

दार उघडंच होतं. मी डोळे मिटून पडून राहिलो.

त्यानंतर त्यांनी कुणाला चाल नेमून दिली नाही. कुणी विचारलंच तर “डॉक्टरला विचारा, मला काय कळतंय,” म्हणायचे आणि एकटेच पुढे जायचे. लोकांनीही हळूहळू विचारणं सोडलं.

खरं सांगायला म्हणून मी कितीदा त्यांच्या घरी गेलो आणि चहा पिऊन परतलो. शेवटी गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. दारात अक्का, माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय बघा. उठवू काय?”

“नको, झोपू द्या,” मी म्हणालो. जिना उतरताना मला चक्क हलकं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. माझ्या बायकोलाही हे आता वाचूनच कळेल. साडूभाऊ, तुमचा आकडा चुकला नव्हता. खोटं मी बोललो होतो. मला माफ करा.